अजी, पाय उचला

शनिवारी दुपारी प्रार्थनागृह झाडायचं काम मनकर्णाबाईकडे होतं. ते तिला कोणी दिलं नव्हतं, तिनेच घेतलं होतं. आणि एकदा कोणी झाडू हातात घेतला की तो परत मागून घ्यायची पद्धत कुठल्याच मंडळीत नाही. सावली गावच्या बाजारामागे, राइस मिलच्या भिंतीला लागून एक लांबट पत्र्याचं शेड होतं. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, समोरच्या भिंतीवर कापडी फलक, आणि एक कीबोर्ड. त्या कीबोर्डची एक पट्टी दाबली की दाबलेलीच राही, त्यामुळे सगळ्या गीतांचा शेवट एकाच सुरावर होई. एवढ्याशा जागेत देव मावतो की नाही याबद्दल सावलीत दुमत होतं. धूळ मात्र भरपूर मावायची.

त्या शनिवारी पास्टर भिंगारदिवे चष्मा विसरले म्हणून परत आले. दारात चपला काढताना त्यांना आतून आवाज आला.

"अजी, पाय उचला जराक. खुर्चीखाली पाहा किती घान झाली. लेकराइनं चिप्सचे पाकिटं इथीच टाकले. कोनी सांगत बी नाई त्याइले. उचला म्हनलं ना."

पास्टरांनी आत डोकावून पाहिलं. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. बाई पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीसमोर वाकली होती. ती जराशी थांबली, माणसाला पाय उचलायला वेळ लागतो तेवढीच, आणि मग तिने खुर्चीखालून झाडू फिरवला.

पास्टर चष्मा न घेताच परत गेले.

भिंगारदिवे मूळचे नगरकडचे. त्यांचे आजोबाही पास्टर होते. घरात चार पिढ्यांची प्रार्थनेची सवय असल्यामुळे त्यांचं मराठी असं झालं होतं, की त्यांनी चहा मागितला तरी कपाला आशीर्वाद मिळाल्यासारखं वाटे. सावलीत येऊन त्यांना चार-पाच वर्षं झाली होती. झाडीपट्टीची बोली त्यांना कानाने समजू लागली होती. 'अजी' हा शब्द त्यांना माहीत होता. घरमालकीण रोज सकाळी त्याच शब्दाने घरमालकाला उठवायची. मनकर्णाबाईचा नवरा वारल्याचंही त्यांना चांगलंच माहीत होतं, कारण त्याच्यासाठी तो जिवंत असताना त्यांनीच गुडघे टेकले होते. दोन्ही गोष्टी एकापुढे एक ठेवल्यावर उत्तर सरळ येत होतं. बाई मेलेल्या नवऱ्याशी बोलते, तेही देवाच्या घरात, पहिल्या रांगेत.

मनकर्णाबाईचा नवरा रामाजी याच शेजारच्या राइस मिलमध्ये कामाला होता. माणूस सरळ, कामाला वाघ, बोलायला काहीच नाही. त्याचं एक कारण स्वभाव आणि दुसरं तंबाखू-सुपारीचा खर्रा. तोंडात खर्रा असताना माणूस बोलत नाही, आणि रामाजीच्या तोंडात तो नसायचा अशी वेळ लग्नातल्या मंगलाष्टकांनंतर फारशी आली नाही. मनकर्णाबाई बोलायची, तो 'हं' म्हणायचा. त्याच्या 'हं'चे प्रकार होते. एक ऐकल्याचा, एक पटल्याचा, एक न पटल्याचा पण भांडायचं नाही असा. बाईला सगळे ओळखू यायचे. संसार चालवायला एवढे पुरेसे असतात, हे तिने करून दाखवलं होतं.

मग त्याच खर्ऱ्याने त्याचं तोंड धरलं. नागपूरच्या दवाखान्यात जबडा कापला, आणि 'हं'सुद्धा गेला. कोणीतरी प्रार्थनावाल्यांचं नाव सांगितलं. ते आले, तेल लावलं, गीतं म्हटली, पास्टर भिंगारदिवे त्याच्या खाटेशी रडले. रामाजी त्यांच्याकडे शांतपणे पाहत राहिला आणि आदल्या वर्षीचा पावसाळा संपता संपता गेला.

गावाने अंदाज बांधला की आता बाई त्या शेडमध्ये जायची नाही. ज्या कामासाठी गेली ते काम झालं नाही, म्हणजे हिशेब मिटला. मंडळीतल्या लोकांनाही मनातून तसंच वाटत होतं. बाई मात्र पुढच्या रविवारी हजर होती, त्याच्या पुढच्याही. यामुळे अडचण अशी झाली की तिचं करायचं काय ते कळेना. नवरा वाचला असता तर ती साक्ष झाली असती. दरवर्षीच्या सभेत तिला माइकसमोर उभं करता आलं असतं. नवरा गेला आणि बाई टिकली, याची साक्ष कशी द्यायची हे कोणालाच सुचत नव्हतं. रविवारी पास्टर विचारत, "कोणाची काही प्रार्थना-विनंती?" मग नोकरी, लग्न, गुडघे, सून, भाताचा भाव असं सगळं येई. मनकर्णाबाईकडे पाहिलं की ती म्हणे, "काई नाई जी." काहींना हा मोठा विश्वास वाटे आणि काहींना मोठेपणा.

खरं म्हणजे तिला मागायचं काही उरलं नव्हतं. बोलायचं मात्र बरंच होतं.

त्याची सुरुवात कशी झाली ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. रामाजीचं सगळं आटोपून, पाहुणे परतून, मुलगा विक्की आणि सून हर्षा पुण्याला गेल्यानंतरची गोष्ट. विक्की तिकडे चाकणच्या एका कंपनीत होता. सुट्टी मिळाली होती तेवढी तो राहिला होता. संध्याकाळी चुलीवर भाजी होती. जीभ वळली सवयीने, "अजी, मीठ पाहून सांगा." बोलल्यावर तिला कळलं की घरात कोणी नाही. अशा वेळी बाईने रडावं. ती तयारही होती. पण रडू आलं नाही. घर रिकामं वाटायला हवं होतं, ते वाटेना. रामाजी परत आला असंही नव्हतं, तेवढी खुळी ती नव्हती. कोणीतरी ऐकलं होतं. रामाजीच्या खाटेशी बसून ते प्रार्थनावाले डोळे मिटून ज्याच्याशी बोलत, तोच असावा, कारण दुसरा कोणी त्या काळात तिच्या घरी आला नव्हता. त्याला काय म्हणायचं असतं ते तिला माहीत नव्हतं. जो शब्द जिभेवर होता तोच तिने त्याला दिला, आणि मग ती काही थांबली नाही. कोंबडी कुठे अंडं घालते, नहराचं पाणी कुठवर आलं, विक्कीचा फोन आला होता पण आवाज दमलेला वाटला. नुसती बातमी, मागणं काही नाही. तो सगळं ऐकून घेतो एवढं तिला पुरत होतं.

तर रविवारी भजन, उपदेश, चहा सगळं आटोपल्यावर पास्टरांनी तिला थांबवून घेतलं. त्यांची बायको मंजुषाताई शेजारी बसली, कारण विषय नाजूक होता.

"मनकर्णाताई, काल झाडताना तुम्ही कोणाशी बोलत होता?"

बाई लाजली. "आइकलं का तुमी?"

"कानावर आलं. कोणाशी बोलत होता?"

"त्याइच्यासंग," ती म्हणाली, आणि हनुवटीने समोरच्या फलकाकडे दाखवलं. फलकाखालीच ती पहिल्या रांगेतली खुर्चीही होती. झाडीपट्टीत बाईने 'त्याइच्यासंग' म्हटलं की पुढे नाव विचारायचं नसतं. पास्टरांनी विचारलंही नाही. त्यांना वाटलं आता विचारायचं काही उरलंच नाही.

"ताई, गेलेल्या माणसाची आठवण येणं वेगळं. त्याच्याशी बोलणं वेगळं. शास्त्राला ते मान्य नाही. आपण हाक मारतो एकाला, उत्तर भलताच देतो."

"गेलेल्या?"

"अजी म्हणजे यजमानच ना तुमचे? त्यांना तुम्ही अजीच म्हणत होता ना?"

मनकर्णाबाईने खरं तेच सांगितलं. "हो जी. त्याइले बी अजीच म्हनत होती."

या वाक्यात जे काही होतं ते 'बी'मध्ये होतं. पण 'बी' फार लहान शब्द आहे, आणि पास्टरांचा पुढचा मुद्दा तयार होता.

"मग तो शब्द सोडून द्या," ते प्रेमाने म्हणाले. पास्टर वाईट माणूस नव्हता. तिच्यासाठी आदल्या रात्री त्याने खरोखरच उपास केला होता. "एका जागी बसायचं, डोळे मिटायचे, आणि म्हणायचं, 'हे स्वर्गीय पित्या.' तो तुमचा पिता आहे. त्याला तू म्हणा. मुलगी बापाला म्हणते तसं."

"हो जी," मनकर्णाबाई म्हणाली. पांढऱ्या शर्टातल्या शिकलेल्या माणसाने सांगितलेलं तिने आयुष्यात मोडलं नव्हतं, आणि आता मोडायला सुरुवात करावी असं काही घडलंही नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने हातपाय धुतले, पदर घेतला, खाटेजवळ बसून डोळे मिटले आणि म्हणाली, "हे स्वर्गीय पित्या."

पुढे काही येईना.

'पिता' हा शब्द तिने आजवर लग्नपत्रिकेत आणि टीव्हीवरच्या मालिकांत पाहिला होता. तिचा स्वतःचा बाप म्हटला की तिला खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजलेली पाठ आठवायची. ती पाठ भीतीदायक नव्हती, पण तिच्याशी कोणी बोलत नसे. त्यात पुन्हा 'तू'. तू म्हणायला तिच्या आयुष्यात विक्की होता, कोंबड्या होत्या आणि शेजारची वच्छला होती. या यादीत देवाला बसवणं तिच्याने होईना. ती थोडा वेळ तशीच बसली, तहसीलमध्ये साहेबासमोर उभं केल्यावर काम काय होतं तेच विसरावं, तशी. मग उठून तिने भात टाकला. भात टाकताना सवयीने ओठ हलले, तेव्हा तिने ते मिटून घेतले.

असं दुसऱ्या दिवशी झालं, तिसऱ्या दिवशी झालं. मग ते रोजचंच झालं.

मनकर्णाबाईचं घर खैरबोडी गावाच्या शेवटच्या गल्लीत होतं. पुढे नहर, पलीकडे धानाच्या बांध्या, त्यामागे जंगल. रामाजी गेल्यावरही या घरात तिला एकटेपण कसं ते कळलं नव्हतं, ते आता कळू लागलं. आवाज तेवढेच होते: कोंबड्या, कोणाच्या घरचा टीव्ही, वनविभागाच्या गाडीवरचा भोंगा, की वाघ फिरून राहिला आहे, संध्याकाळनंतर बाहेर पडू नका. पण आधी या सगळ्या आवाजांची बातमी करता यायची. आता ते नुसते आवाज होते. भाजीत मीठ जास्त झालं तर जास्त झालं, सांगायचं कोणाला.

विक्कीचा फोन यायचा. "जेवली का? बरी हायेस ना? गोळ्या घेते ना?" तिन्हीला हो म्हटलं की फोन संपायचा. विक्कीचं चूक नव्हतं. मिक्सरमध्ये हर्षाची चटणी फिरत असायची आणि त्या आवाजात हो सोडून दुसरं काही ऐकूही गेलं नसतं.

वच्छलाच्या मात्र लक्षात आलं. वच्छला अंगणवाडीत मदतनीस होती, आता रिटायर झालेली. तिचा नवरा तिच्या तिशीतच गेला होता. दोघींच्या परसात एकच कुंपण, आणि त्या कुंपणावरून दोघींनी पंचवीस-तीस वर्षं भाज्या, लेकरं आणि बोलणं इकडून तिकडे दिलं होतं.

"काय वं मनकर्णे, तुये घर लय चूप हाय आजकाल," ती कुंपणावर हात ठेवून म्हणाली. "भांडन झालं का तुया येसूसंग?"

"भांडन काऊन होईल."

"मंग? आधी त चुलीपाशी बसली का रेडिओ लावल्यावानी चालू राहे. मले घरबसल्या सारं समजे. मायी कोंबडी तुया घरी अंडं घालते हे बी मले तसंच समजलं."

मनकर्णाबाईने तिला पास्टरांचं सांगितलं. वच्छलाने नीट ऐकून घेतलं आणि सुपारीचा तुकडा दाताखाली फोडला.

"आमी माया बापाले अजीच म्हनत होतो," ती म्हणाली. "आमच्या मोहल्ल्यात सारेच बापाले अजी म्हनत. त सांग ना तुया पास्टरले, अजी म्हंजे बापच. झाला त्याचा बी देव, तुया बी."

"पन मी त बाप म्हनून नाई म्हनत होती."

"मंग काय म्हनून म्हनत होती?"

याचं उत्तर मनकर्णाबाईकडे होतं, पण ते कुंपणावरून देण्यासारखं नव्हतं. वच्छलानेही ओढून काढलं नाही. "आमच्या बौद्धाइत बरं हाय," ती जाता जाता म्हणाली. "देवच नाई ठेवला, त हाक कशी माराची हा तंटाच नाई."

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मनकर्णाबाईला वाटायचं, पास्टर म्हणतात ते खरं तर नसेल? शब्द रामाजीचाच होता. आवाजही तिचा तोच होता, रामाजीशी बोलायची तो. मग इतके दिवस ती कोणाशी बोलत होती? मेलेल्या माणसाच्या सवयीशी? देव कधी नव्हताच का त्या घरात? हा विचार नवरा जाण्यापेक्षा वाईट होता. नवरा गेला तेव्हा निदान तो होता हे तरी नक्की होतं.

गंमत अशी की याच महिन्यांत मंडळीत तिची प्रगती झाली. रविवारी सगळ्यांबरोबर ती 'हे स्वर्गीय पित्या' नीट म्हणू लागली. शनिवारी झाडायला जाई तेव्हा शेडमधून आवाज येत नसे. पास्टरांनी दोनदा मुद्दाम येऊन पाहिलं. बाई मुकाट्याने झाडत होती, खुर्च्या सरळ उचलून बाजूला ठेवत होती. "सुटली," ते मंजुषाताईला म्हणाले, आणि त्यांनी मनापासून देवाचे आभार मानले. मंजुषाताई म्हणाली, "पण वाळलीय हो फार." पास्टर म्हणाले, दुःखातून बाहेर पडताना माणूस वाळतोच.

दिवाळीनंतर वच्छलाची लेक दीपाली वरोऱ्याला बाळंत झाली आणि वच्छला तिकडे गेली. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना शांतता झाली.

त्याच्या पुढच्या रविवारी सभा लांबली. मनकर्णाबाई निकेशच्या ऑटोने परत निघाली तेव्हा ऑटोत बाकी सगळे पाथरीकडचे होते. नहराच्या कामासाठी खैरबोडीचा रस्ता खणून ठेवला होता, म्हणून निकेशने तिला फाट्यावरच उतरवलं.

"जाशीन ना काकू? कोनी येते का पाह्य थोडा वेळ. एकटी नोको जाऊ. आन् गेलीच त बोलत जा मोठ्यानं."

बोलत जा, हा तिकडचा नियम आहे. वाघ माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण माणूस गुपचूप चालला, वाकून चालला, की त्याला तो माणूस वाटत नाही. म्हणून एकट्याने रस्ता धरला की आवाज करायचा. पोरं मोबाइलवर गाणी लावतात. गाणी लावायला विक्कीने आईला फोनवरून शिकवलं होतं, पण फोनवर बोलत असताना फोनमध्ये कुठे बोट दाबायचं, हे दोघांनाही शेवटपर्यंत जमलं नव्हतं.

ती फाट्यावर थांबली. कोणी आलं नाही. ऊन कलायला लागलं तशी ती निघाली. एका बाजूला नहर, नहराच्या काठाने बेशरमाची झुडपं, दुसऱ्या बाजूला उभं धान. लवकर येणारं हलकं धान कापून झालं होतं, उशिराचं जड धान माणसाच्या कमरेला लागत होतं. त्यात वाघच काय, वाघाचं कुटुंब बसलं असतं तरी दिसलं नसतं.

तिने आवाज केला. "हे स्वर्गीय पित्या."

पुढे काय? थोडं चालून ती पुन्हा म्हणाली, "हे स्वर्गीय पित्या." आवाज मोठा होता, पण कोणाला उद्देशून नव्हता. शाळेत हजेरी घेताना गैरहजर पोराचं नाव पुन्हा पुन्हा पुकारावं तसं ते वाटत होतं. आणखी थोडं गेल्यावर तेही सुटलं, आणि ती मुकाट चालू लागली. चप्पल मातीत घासल्याचा तेवढा आवाज होत होता. आपण बोललो नाही तर काय होईल हे तिला माहीत होतं. आणि तिच्या लक्षात आलं की त्याची तिला फारशी भीती वाटत नाही. हे लक्षात आल्यावर मात्र ती घाबरली.

झुडपात काहीतरी सळसळलं. रानडुक्कर असेल, मोर असेल.

"अजी," ती म्हणाली.

शब्द आपोआप निघाला. ती रस्त्यातच थांबली. मग चालायला लागली, कारण थांबायचं नसतं, आणि बोलायला लागली, कारण बोलायचं असतं.

"अजी, कुठी हायेत तुमी? इतके दिवस झाले. मी नाई बोलली त तुमी बी नाई बोलले. मले त त्या पास्टरनं सांगतलं, म्हनून मी चूप बसली. तुमाले कोनं सांगतलं? त्यानं म्हनलं आन् तुमी आइकलं? तो नगरचा मानूस हाय जी, त्याले आपली बोली नाई समजत. त्याचा काई दोष नाई. पन तुमाले त समजते ना. तुमी त इथीच होते. माया चुलीपाशी बसले होते तुमी, मले का मालूम नाई?"

नहराच्या पाण्याचा वास येत होता. तिचा आवाज वाढला होता. जे तिने कधी बोलायचं ठरवलं नव्हतं, ते मागच्या मागे येऊन पुढे उभं राहिलं.

"आन् एक सांगा. त्याइले काऊन नेलं तुमी? सारे गुडघ्यावर बसले होते. पास्टर रडला, तुमच्यासमोर रडला. मी कवा पुसलं नाई तुमाले. म्हनलं, असन काई. पन त्याइचं तोंड त्या डाक्टरनं कापलं, त्याइले पानी गिळता नाई आलं, तवा तुमी काऊन चूप बसले? त्याइनं का बिघडवलं होतं तुमचं? एक खर्रा सोडला त दुसरा ऐब नोता त्या मानसात. सांगा ना. तुमी त्याइले नेलं, अजी, आन् मले ठेवलं. काऊन?"

इथे ती पुन्हा थांबली. कसली तरी ठेच लागल्यासारखी.

त्याइले. तुमी त्याइले नेलं, अजी.

तिने वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं, तांदळातला खडा बोटांनी शोधावा तसं. नेलेला एक होता. नेणारा दुसरा होता. ती भांडत होती ती नेणाऱ्याशी, आणि ज्याच्याबद्दल भांडत होती तो तिकडे, वेगळा, तोंडात खर्रा धरून शांत बसलेला. दोघांची सरमिसळ पास्टरांनी केली होती, आणि रात्री पडल्या पडल्या तिनेही करून घेतली होती. तिच्या जिभेने कधीच केली नव्हती.

उत्तर आलं नाही. त्याला का नेलं, हे त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही नाही. पण उत्तर न देणारा माणूस आणि नसलेला माणूस यांतला फरक मनकर्णाबाईला कोणी शिकवायला नको होता. तिने त्यावर सगळा संसार केला होता. ती पुढे चालली. आता आवाज खाली आला होता, पण थांबला नव्हता. वच्छला वरोऱ्याला गेली, दीपालीले पोरगी झाली, नाव अजून ठेवलं नाई. कोंबडीनं या वेळी कुठं अंडे घातले सांगू का. विक्कीचा आवाज लय दूरचा वाटते जी आजकाल, तुमीच पाहा त्याच्याकडं, मी इथून का पाहू. एवढं एक मागणंही त्यात निघून गेलं, तिच्या लक्षात न येता.

गावाचं पहिलं घर दिसलं. अंगणात दादाजी खाटेवर बसून बिडी ओढत होते. मनकर्णाबाईने पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "बाकीचं घरी सांगीन."

"कोन हाय वं संग?" दादाजींनी विचारलं. "लय बोलून राह्यली होती."

"कोनी नाई भाऊ. वाघासाठी."

"हां. बराबर हाय," दादाजी म्हणाले.

पुढच्या रविवारी पास्टर भिंगारदिव्यांनी तिलाच प्रार्थना चालवायला उभं केलं. ही बाई आता तयार झाली आहे, असं त्यांचं मत होतं. मनकर्णाबाईने डोळे मिटले, हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "हे स्वर्गीय पित्या." मग आजारी लोकांसाठी दोन वाक्यं, पिकासाठी एक, पास्टरांच्या कुटुंबासाठी एक, आणि आमेन. 'तू' म्हणायची वेळ तिने कुठेच येऊ दिली नाही. सगळं कसं रीतसर झालं. मंजुषाताई नंतर तिचा हात धरून म्हणाली, "किती छान जमलं हो तुम्हाला."

"हो जी," मनकर्णाबाई म्हणाली.

जमायला काही नव्हतं. चारचौघांत, सासऱ्या-दिरांच्या देखत, आपल्या माणसाला घरातल्या हाकेने कोण बोलावतं? तिथे पदर घ्यायचा, नजर खाली ठेवायची आणि लोकांनी दिलेलं नाव चालवून घ्यायचं. झाडीतल्या कुठल्याही सुनेला एवढी रीत कळते. तिला उलट इतके दिवस भर प्रार्थनागृहात त्याला पाय उचलायला लावले याचीच थोडी लाज वाटली.

मंडळी पांगली. वच्छला अजून वरोऱ्यालाच होती, विक्कीचा फोन संध्याकाळी यायचा होता. निकेशचा ऑटो भरेपर्यंत मनकर्णाबाई मिलच्या भिंतीच्या सावलीत एकटीच उभी राहिली, कोणाशी काही न बोलता, घरी जायची घाई असलेल्या बाईसारखी.